बंदूक ‘यूज’ केली म्हणजे नेमकं काय केलं?

इंग्रजी शिकायला लागलं की ‘यूज’ हे क्रियापद पहिल्या काही धड्यांतच भेटतं आणि नंतर त्याच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. यूज म्हणजे वापरणे. झालं. त्यासाठी शब्दकोश कोण उघडणार? पण १९९३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला तो उघडावा लागला, आणि उघडूनही नऊ न्यायाधीशांचं एकमत झालं नाही. सहा एकीकडे गेले, तीन दुसरीकडे. या एका क्रियापदाच्या अर्थावर एका माणसाची किमान ३० वर्षांची कैद अवलंबून होती.

‘स्मिथ विरुद्ध युनायटेड स्टेट्स’ हा तो खटला. कायद्याचे विद्यार्थी तो कायद्याचा अर्थ कसा लावावा हे शिकताना वाचतात. मी तो इथे इंग्रजी क्रियापदाचा खटला म्हणून वाचणार आहे. त्यातला वाद मुळात भाषेचाच होता आणि बहुमताने तो चुकीच्या टोकाने धरला, असं माझं मत आहे. पुढची १४ वर्षं त्याच न्यायालयाला पुन्हा पुन्हा त्या निकालाची डागडुजी करावी लागली, ती त्यामुळेच.

घडलं काय होतं

स्मिथ आणि त्याचा साथीदार टेनेसीहून फ्लोरिडाला गेले. बेत असा की कोकेन घ्यायचं आणि नफा घेऊन पुढे विकायचं. तिथल्या ओळखीच्या एका बाईने त्यांना माल मिळवून दिला. मग तिच्या मॉटेलच्या खोलीत एक अमली पदार्थांचा विक्रेताही येऊन बसला आणि बोलणं स्मिथजवळच्या मॅक-१० या बंदुकीवर आलं. लहानशी, हलकी, स्वयंचलित करून घेतलेली आणि मिनिटाला हजाराहून जास्त गोळ्या झाडू शकणारी ही बंदूक त्या विक्रेत्याला आवडली. दुसरं गिऱ्हाईक फिसकटलं तर तुझा विचार करतो, असं स्मिथने त्याला सांगितलं.

ती बाई पोलिसांची खबरी होती. तिने ब्रॉवर्ड काउंटीच्या शेरीफ कार्यालयाला कळवलं आणि तिथला एक अधिकारी गहाणवटीचा धंदा करणारा दुकानदार बनून खोलीत आला. स्मिथने काळ्या कॅनव्हासच्या पिशवीतून बंदूक काढून त्याला दाखवली. अधिकाऱ्याने ती हातात घेऊन पाहिली आणि काय घेणार म्हणून विचारलं. स्मिथने पैसे मागितले नाहीत, दोन औंस कोकेन मागितलं. मी त्या धंद्यातला नाही, पण बघतो कुठे मिळतंय का, असं म्हणून तासाभरात परतण्याच्या बोलीवर अधिकारी निघाला. तो गेला अटकेची तयारी करायला. इकडे स्मिथला काही दम निघेना. बंदुकीची पिशवी घेऊन तो आपल्या व्हॅनमध्ये बसला आणि निघाला. पाळतीवरच्या पोलिसांनी अडवायचा प्रयत्न केला तेव्हा त्याने गाडी भरधाव सोडली. शेवटी सापडला तेव्हा कमरेला गोळ्या भरलेलं ९ मिलिमीटरचं पिस्तूल होतं आणि व्हॅनमध्ये मॅक-१० शिवाय आणखी तीन शस्त्रं.

एवढी शस्त्रं बाळगणाऱ्या माणसाविषयी कोणाला कळवळा वाटण्याचं कारण नाही. पण आरोपपत्रातला महत्त्वाचा आरोप कमरेच्या पिस्तुलाबद्दल नव्हता. स्मिथने मॅक-१० आणि तिचा सायलेन्सर अमली पदार्थांच्या गुन्ह्यात ‘यूज’ केला, असा तो आरोप होता. त्या बंदुकीतून गोळी सुटली नव्हती, ती कोणावर रोखली गेली नव्हती, तिचा धाकही कोणाला घातला गेला नव्हता. ती पिशवीतून बाहेर आली, तिची पाहणी झाली आणि तिच्या बदल्यात काय मिळेल याची बोलणी झाली.

कायद्याचे शब्द

अमेरिकेच्या संघीय दंडसंहितेचं कलम ९२४ (सी) असं होतं: हिंसेच्या किंवा अमली पदार्थांच्या व्यापाराच्या गुन्ह्यादरम्यान आणि त्या गुन्ह्याच्या संबंधात जो कोणी ‘यूजेस ऑर कॅरीज अ फायरआर्म’, म्हणजे बंदूक वापरतो किंवा जवळ घेऊन जातो, त्याला मूळ शिक्षेखेरीज आणखी ५ वर्षं. बंदूक मशीनगन असेल किंवा तिला सायलेन्सर असेल तर ३० वर्षं. स्मिथची मॅक-१० स्वयंचलित असल्याने कायद्याच्या भाषेत मशीनगन ठरत होती.

बचाव पक्षाचं म्हणणं साधं होतं. बंदूक ‘यूज’ करणं म्हणजे शस्त्र म्हणून वापरणं. स्मिथने ती वस्तू म्हणून देऊ केली होती. खालची न्यायालयं या प्रश्नावर आधीच फुटलेली होती. स्मिथचं अपील फेटाळणाऱ्या अकराव्या सर्किटने (सर्किट म्हणजे अमेरिकेतलं विभागवार संघीय अपील न्यायालय) आणि राजधानीच्या सर्किटने अदलाबदलीला ‘यूज’ मानलं होतं, नवव्या सर्किटने मानलं नव्हतं.

शब्दकोशाचा कौल

बहुमताचा निकाल न्यायमूर्ती सँड्रा डे ओ’कॉनर यांनी लिहिला. त्यांचा मार्ग सरळ होता. कायद्यात ‘यूज’ची व्याख्या नाही, तेव्हा रोजच्या भाषेतला अर्थ घ्यायचा, आणि तो कुठे सापडणार, तर शब्दकोशात. वेबस्टरच्या मोठ्या कोशात अर्थ मिळाला तो असा: स्वतःच्या सेवेस लावणे, कामी आणणे. ब्लॅकच्या कायदाकोशात त्याच अर्थाची आणखी लांब यादी होती. बंदुकीच्या बदल्यात कोकेन मिळवू पाहणाऱ्याने बंदूक आपल्या कामी लावली की नाही? लावली. मग ‘यूज’ झालं. शस्त्र म्हणून वापरणं एवढंच कायदेमंडळाच्या मनात असतं तर ‘शस्त्र म्हणून’ हे शब्द घालायला त्यांना कोणी अडवलं नव्हतं.

जुना आधारही सापडला. १८८४ साली ‘अ‍ॅस्टर विरुद्ध मेरिट’ या खटल्यात याच न्यायालयाने ‘यूज’चा अर्थ ‘कामी लावणे, सेवा घेणे’ असा सांगितला होता. तो वाद जकातीचा होता: प्रवाशाने परदेशाहून आणलेले कपडे प्रत्यक्ष वापरातले मानून माफी द्यायची की नाही? त्याकडे पुढे परत यायचंय.

न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया यांची भिन्नमतपत्रिका मात्र इंग्रजी शिकवणाऱ्या कोणीही वर्गात वाचून दाखवावी अशी आहे. ते म्हणतात, कोणी तुम्हाला विचारलं, ‘डू यू यूज अ केन?’, तर आजोबांची चांदीच्या मुठीची छडी तुम्ही दिवाणखान्याबाहेर शोभेला टांगली आहे का, हे त्याला विचारायचं नसतं. तुम्ही काठी टेकत चालता का, एवढंच त्याला हवं असतं. तसंच बंदुकीचं. स्मिथने बंदूक देवघेवीसाठी ‘यूज’ केली असं म्हणता येईल हे त्यांना मान्य होतं. पण मग डोकं खाजवायला बंदूक ‘यूज’ केली असंही म्हणता येतं, हा त्यांचा टोला. एखादा शब्द कसा वापरता येतो आणि तो सहसा कसा वापरला जातो, यातला फरक न्यायालयाला उमगलेला दिसत नाही, असं त्यांनी सुनावलं. न्यायमूर्ती स्टीव्हन्स आणि सूटर त्यांच्या बाजूला होते. सूटर यांचं नाव लक्षात ठेवा.

क्रियापद रिकामं आहे

आता न्यायालयाबाहेर येऊन क्रियापदाकडेच पाहू.

इंग्रजीतली काही क्रियापदं कृती दाखवतात. ‘कट’ म्हटलं की धार आली, ‘इट’ म्हटलं की तोंड आलं. ‘यूज’ म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? काहीच नाही. कुणीतरी काहीतरी कशासाठी तरी कामी लावलं, एवढाच सांगाडा हे क्रियापद पुरवतं. त्यातलं ‘कशासाठी तरी’ बाहेरून भरावं लागतं, आणि वाक्याचा खरा अर्थ तिथेच असतो.

ते भरण्याची एक उघड सोय इंग्रजीत आहे: कर्मामागे ‘टू’, ‘अ‍ॅज’ किंवा ‘फॉर’ लावून उद्देश सांगून टाकायचा. ‘शी यूज्ड अ डिक्शनरी टू प्रॉप द डोअर ओपन.’ दार उघडं राहावं म्हणून तिने शब्दकोश अडकवला. वाक्य अगदी नैसर्गिक आहे, कोणाची भुवई उंचावणार नाही. उद्देश सांगितला की कर्म मोकळं होतं. कोणतीही वस्तू कोणत्याही कामाला लावा.

आता तो तुकडा काढून टाका. ‘शी यूज्ड अ डिक्शनरी.’ दार गायब झालं. तिने शब्द शोधला, असंच प्रत्येक जण समजणार. तिने प्रत्यक्षात दारच अडकवलं असेल तर हे वाक्य खोटं नाही, पण फसवं आहे, आणि ऐकणाऱ्याने फसवलं म्हणून तक्रार केली तर ती रास्त आहे. म्हणजे वक्ता उद्देशाबद्दल गप्प राहिला की वस्तूचं नेहमीचं काम आपोआप त्या रिकाम्या जागी येऊन बसतं.

सगळ्या वस्तूंच्या बाबतीत असं होत नाही, आणि गंमत तिथेच आहे. ‘ही यूज्ड अ ब्रिक.’ त्याने वीट वापरली. ऐकणारा लगेच विचारतो: कशासाठी? खिळा ठोकायला, काच फोडायला, की चाकाला अडसर म्हणून? दोरी, फडकं, रिकामा डबा, कागदाचा कपटा यांचंही तसंच. त्यांना एक ठरलेलं काम नाही. उलट ‘ही यूज्ड अ‍ॅन अंब्रेला’ म्हटल्यावर कशासाठी असं कोणी विचारत नाही. दात घासायचा ब्रश, व्हीलचेअर, लिफ्ट, टॉवेल ही सगळी छत्रीच्या जातकुळीतली. हा ‘कशासाठी?’ मनात उठतो की नाही, ही मला ‘यूज’ची सगळ्यांत सोपी परीक्षा वाटते. विद्यार्थ्यांना कोशातले बारा अर्थ पाठ करायला लावण्यापेक्षा ही एक परीक्षा दिली तरी पुष्कळ झालं.

बंदूक कोणत्या जातीची? दरोड्याची बातमी सांगताना कोणी म्हणालं, ‘दे यूज्ड अ गन’, तर कशासाठी असं विचारणारा माणूस भेटणार नाही. बंदूक छत्रीच्या बाजूची आहे. ती रोखली, झाडली किंवा दाखवून धमकावलं, यांतलं काहीतरी झालं असं आपण धरून चालतो. बंदूक देऊन कोकेन घेऊ पाहिलं असेल तर इंग्रजी बोलणाऱ्याला तो तुकडा उच्चारावाच लागेल: ‘ही यूज्ड अ गन टू बाय कोकेन.’ पैशाला तशी गरज नाही. ‘ही यूज्ड कॅश’ पुरतं, कारण मोबदल्यात दिलं जाणं हेच रोख रकमेचं काम.

ओ’कॉनर यांच्या शब्दकोशी पद्धतीत ही गोष्ट निसटली. त्यांनी क्रियापद वाक्यातून उचलून एकटं टेबलावर ठेवलं आणि त्याचा अर्थ विचारला. एकटं असताना ‘यूज’ला इतका पसरट अर्थ असतो की त्यात सगळंच मावतं. कोशकाराचा त्यात दोष नाही. सगळ्या वाक्यांना पुरेल अशी व्याख्या देणं हे त्याचं कामच आहे. पण कलमात ‘यूज’ नव्हतं, ‘यूजेस अ फायरआर्म’ होतं.

बहुमताची खरी ताकद दुसरीकडे होती, आणि ती झटकून टाकणं अप्रामाणिकपणाचं होईल. त्याच कलमाच्या पुढच्या पोटकलमात, ९२४ (डी) मध्ये, गुन्ह्यात ‘यूज्ड’ झालेली किंवा होणार असलेली शस्त्रं जप्त करण्याची तरतूद आहे. आणि तिथे मोजलेल्या गुन्ह्यांत बेकायदा खरेदी-विक्री आणि निर्यातही आहे. म्हणजे कायदेमंडळाने स्वतःच, शेजारच्याच परिच्छेदात, विकायला काढलेल्या बंदुकीला ‘यूज्ड’ म्हटलं आहे. हा युक्तिवाद शब्दकोशापेक्षा कितीतरी भक्कम. तरीही माझं समाधान होत नाही, कारण तिथे उद्देश मोकळा सोडलेला नाही. गुन्ह्यांची यादी पुढेच उभी आहे आणि प्रत्येक गुन्हा आपापलं ‘कशासाठी’ सोबत घेऊन येतो. भरलेल्या जागेवरून रिकाम्या जागेचा अर्थ कसा काढणार?

सरकारी वकील यावर म्हणू शकला असता की ‘अमली पदार्थांच्या गुन्ह्याच्या संबंधात’ हे शब्द इथेही उद्देश भरतातच. गुन्हाच देवघेवीचा, मग बंदुकीचं त्यातलं काम देवघेवीचं का नसावं? याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एवढंच म्हणेन की ‘संबंधात’ हा शब्द कृती कुठे घडली ते सांगतो, कृती कोणती ते नाही. स्वयंपाकासंबंधी बोलताना ‘तिने सुरी वापरली’ म्हटलं तर सुरी मोबदल्यात देऊन भाजी आणली असं कोणी समजत नाही.

ओ’कॉनर यांचं एक वाक्य मात्र सहज विसरण्यासारखं नाही. बंदूक क्षणभर चलन झाली म्हणून निर्जीव होत नाही. ती चलनाची तोफ एका क्षणात होऊ शकते, असा त्याचा आशय. धोक्याबद्दल हे खरंच आहे. क्रियापदाबद्दल त्यातून काही सिद्ध होत नाही.

वाटेत दोन-तीन गोष्टी

‘यूज’ क्रियापद असताना शेवटचा आवाज मराठी ‘जास्त’मधल्या ज सारखा घोष असतो, नाम असताना तोच ‘यूस’ होतो. पूर्वीची सवय सांगणाऱ्या ‘यूज्ड टू’मध्येही उच्चार ‘यूस्टू’च्या जवळ जातो. आपल्याकडचे बरेचसे लोक तिन्ही ठिकाणी एकच उच्चार करतात, आणि त्यावाचून काही अडत नाही, पण कानावर पडल्यावर ओळखता आला पाहिजे.

कर्मच नसलेला ‘यूज’ तर या खटल्याला भलताच लागू पडतो. ‘ही यूजेस’, एवढंच म्हटलं की अर्थ होतो: तो अमली पदार्थ घेतो. रिकामी जागा इतकी ठरून भरली गेली की कर्माची गरजच उरली नाही. याउलट ‘आय कुड यूज सम हेल्प’मध्ये वापरण्याचा मागमूस नाही, मदत मिळाली तर बरं होईल, एवढंच. आणि माणूस कर्म झाला की ‘ही यूज्ड हर’, त्याने तिचा फायदा उठवला. माणसाला ठरलेलं काम नसतं, म्हणूनच की काय, तिथे हे क्रियापद थेट शिवी होऊन बसतं.

मराठीत हा खटला उभा राहिला असता का? मला शंका आहे. आपण काठी टेकतो, चष्मा लावतो, बंदूक चालवतो किंवा झाडतो. वस्तूगणिक क्रियापद बदलतं आणि उद्देश त्यातच असतो. ‘वापरणे’ला जी जागा आपण देतो ती ‘यूज’च्या मानाने लहान आहे. म्हणून ‘यूज’ दिसला की डोळे मिटून ‘वापरणे’ लिहिणारा अनुवादक कायद्याच्या मजकुरात अडचणीत येऊ शकतो: मूळ वाक्यातली रिकामी जागा मराठीत कधी उगाच बुजते, कधी उगाच मोठी होते.

बंदूक वापरतो, पण कधी वापरावी लागली नाही

स्मिथ निकालानंतर दोनच वर्षांनी, डिसेंबर १९९५ मध्ये, ‘बेली विरुद्ध युनायटेड स्टेट्स’ आला. यात दोन प्रकरणं एकत्र होती. एकात बंदूक गाडीच्या कुलूपबंद डिकीत सापडली, दुसऱ्यात झोपायच्या खोलीतल्या कपाटातल्या कुलूपबंद पेटीत. दोन्ही आरोपी अमली पदार्थांच्या व्यवहारातले. बंदूक जवळपास होती, हाताशी येण्याजोगी होती, म्हणून ती ‘यूज’ झाली, असं राजधानीच्या सर्किट न्यायालयाने धरलं होतं. ‘कामी लावणे’ इतका सैल अर्थ एकदा मान्य केला की इथवर घसरायला वेळ लागत नाही: पेटीतली बंदूकही मालकाला धीर देण्याच्या कामी येतेच ना?

या वेळी नऊही न्यायाधीश एकत्र होते आणि निकाल पुन्हा ओ’कॉनर यांनीच लिहिला. ‘यूज’ला सक्रिय वापर हवा, असं त्यांनी ठरवलं. नुसती असणं, ठेवलेली असणं पुरत नाही. मग सक्रिय वापराची उदाहरणं दिली: उगारणं, दाखवणं, तिने मारणं, झाडणं किंवा झाडायचा प्रयत्न करणं. आणि या यादीच्या मध्ये ‘अदलाबदल करणं’ही बसवलं, स्मिथ निकाल मोडू नये म्हणून. वाचताना तो शब्द त्या रांगेत उपऱ्यासारखा दिसतो.

याच निकालपत्रात एक वाक्य आहे जे मी इंग्रजीच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात आनंदाने घालीन. त्याचा अर्थ असा: मी घराच्या रक्षणासाठी बंदूक वापरतो, पण ती वापरण्याची वेळ माझ्यावर कधी आलेली नाही. वाक्यात ‘यूज’ दोनदा येतो. वरवर पाहता दुसरा भाग पहिल्याला खोडतो, आणि तरी बोलणाऱ्याला कोणी वेड्यात काढत नाही.

हे कसं चालतं? इंग्रजीच्या साध्या वर्तमानकाळामुळे. ‘आय यूज’ हा काळ घटना सांगत नाही, व्यवस्था सांगतो: अमुक वस्तू मी अमुक कामासाठी नेमली आहे. ‘हॅड टू यूज’ मात्र एका प्रसंगाबद्दल बोलतं. भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फिलमोर आणि कायद्याचे अभ्यासक क्लार्क कनिंगहॅम यांनी १९९५ सालीच याच कलमातल्या ‘यूज’वर एक लेख लिहून हे दोन पदर वेगळे केले होते: एक प्रसंगाचा वापर, दुसरा नेमणुकीचा. कायदे इंग्रजीत बहुधा साध्या वर्तमानकाळातच लिहिले जातात, ‘जो कोणी अमुक करतो’, आणि त्यामुळे या क्रियापदापुरता नेमणुकीचा अर्थ मागच्या दाराने आत येतो. १८८४ च्या कपड्यांच्या खटल्याकडे आता परत पाहा. अंगाला न लागलेले नवे कपडेही, प्रवाशाच्या स्वतःसाठी आणि चालू हंगामासाठी असतील तर, वापरातले मानता येतात, असं न्यायालयाने तेव्हा म्हटलं होतं. तो सरळसरळ नेमणुकीचा अर्थ होता. कपड्यांच्या कपाटापुरता तो ठीकच होता. ओ’कॉनर यांनी त्याचा आधार घेतला तो एका प्रसंगाच्या खटल्यात, आणि दोनच वर्षांनी बेलीमध्ये नेमणुकीचा अर्थ त्यांनाच बाहेर काढावा लागला.

कायदेमंडळाला बेली निकाल आवडला नाही. १९९८ मध्ये दुरुस्ती होऊन कलमात तिसरा पर्याय आला: गुन्हा पुढे नेण्यासाठी बंदूक जवळ बाळगणं. त्याच वर्षी शेजारच्या ‘कॅरी’वरही पाच विरुद्ध चार असा निकाल लागला. गाडीच्या कप्प्यात कुलूप लावून ठेवलेली बंदूक माणसाने ‘कॅरी’ केली असं म्हणता येतं का? हो, असं न्यायमूर्ती ब्रायर यांनी लिहिलं. त्यासाठी त्यांनी वृत्तपत्रांच्या संगणकीय संग्रहांत त्या शब्दाची वाक्यं शोधली आणि नमुन्यादाखल पाहता कदाचित तिसऱ्या हिश्शाहून जास्त वाक्यांत हा अर्थ असल्याचं सांगितलं. कोशाबाहेर पडून खऱ्या वाक्यांकडे जाण्याची ही पद्धत मला योग्य वाटते. पण शोधताना शस्त्र आणि वाहन हे शब्द जवळ असलेलीच वाक्यं निवडली, तर हवा तो अर्थ सापडण्याची शक्यता आधीच वाढते, हेही खरं.

घेणाऱ्याचं काय?

स्मिथने बंदूक देऊ केली होती. २००७ साली ‘वॉटसन विरुद्ध युनायटेड स्टेट्स’मध्ये उलटं घडलं: आरोपीने गोळ्या दिल्या, म्हणजे ऑक्सिकॉन्टिन या वेदनाशामकाच्या २४ मात्रा, आणि बदल्यात पिस्तूल घेतलं. सरकारचं म्हणणं, अदलाबदलीत बंदूक देणारा तिचा ‘यूज’ करतो, तर घेणाराही करतो. व्यवहार तर एकच आहे.

तर्क कागदावर सरळ दिसतो. निकाल लिहिला सूटर यांनी, १९९३ मध्ये स्कालियांच्या बाजूने असलेल्या त्याच सूटर यांनी. त्यांचं उदाहरण असं: एका मुलाने सफरचंद देऊन ग्रॅनोला बार घेतला. त्याने सफरचंदाचा ‘यूज’ केला असं म्हणता येईल. पण त्याने ग्रॅनोला बार ‘यूज’ केला असं कोणी सांगितलं, तर देवघेव कुठल्या दिशेने झाली हे ऐकणाऱ्याला कधी कळायचंच नाही. सरकार म्हणेल की घेणाराही ‘यूज’ करतो, पण दुसरं कोणी तसं म्हणणार नाही, हेही त्यांनी थोडक्यात सुनावलं. आरोपी सुटला, निदान या कलमातून. विरोधी मत एकही पडलं नाही.

या निकालात शब्दकोशाचा आधार घेतलेला नाही हे लक्षात घ्या. सूटर यांनी वाक्य पूर्ण उभं केलं, कर्म बदलून पाहिलं आणि इंग्रजी बोलणाऱ्याच्या कानाला ते कसं लागतं ते विचारलं. १९९३ मध्ये स्कालियांनी काठीच्या उदाहरणाने नेमकं हेच केलं होतं. तेव्हा तीन मतं मिळाली होती, आता सगळी मिळाली.

पण स्मिथ निकाल त्यांनी रद्द केला नाही. परिणाम असा की बंदूक देऊन कोकेन घेणारा बंदूक ‘यूज’ करतो आणि कोकेन देऊन बंदूक घेणारा करत नाही. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी निकालाला दुजोरा दिला, पण स्वतंत्र टिपणात चिमटा काढला: देण्यापेक्षा घेणं बरं, असं आज न्यायालय सांगतं आहे, निदान विषय बंदुकांचा असेल तेव्हा तरी. त्या व्यवहाराच्या दोन टोकांत फरक करण्याला त्यांना अर्थ दिसत नव्हता. देवाणघेवाण हा ‘यूज’ नव्हेच असं सांगून स्मिथ निकाल रद्द करा, असं त्यांनी सुचवलं. त्या बाजूने त्यांचं एकटीचंच मत नोंदलं गेलं. सरकारी पक्षाच्या हातात तोवर १९९८ चा ‘जवळ बाळगणं’ हा पर्याय आलेला असल्याने ‘यूज’वर डोकं फोडण्याची गरजही कमी झाली होती.